गंगाधरपंत कुठे गेले होते?

शुक्रवारची सुट्टी होती. बाहेर धुळीचं वादळ, त्यामुळे खिडक्या बंद आणि एसी चालू. अकरावीतली माझी लेक इंग्रजीचं पुस्तक घेऊन समोर बसली आणि म्हणाली, "आई, हा माणूस पुण्याहून मुंबईला निघतो आणि भलत्याच मुंबईत पोचतो. असं खरंच होऊ शकतं?"

पुस्तक एनसीईआरटीचं 'हॉर्नबिल'. आम्ही कुवेतला राहत असलो तरी शाळा सीबीएसईची, त्यामुळे पुस्तकं भारतातलीच. त्यातला 'द अ‍ॅडव्हेंचर' हा धडा म्हणजे डॉ. जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा. साल्मियात वाढलेली मराठी मुलगी पानिपत इंग्रजीतून वाचते आहे, याची मला गंमत वाटली आणि थोडी चुटपुटही लागली. पण प्रश्न चांगला होता. "अगं, कथा आहे ती" असं म्हणून उडवून लावता आलं असतं. मात्र ही कथा लिहिणारा माणूस विश्वरचनाशास्त्रज्ञ होता. २० मे २०२५ रोजी पुण्यात नारळीकरांचं निधन झालं, तोवर साठ वर्षं ते काळ, अवकाश आणि विश्वाबद्दल धाडसी अंदाज मांडत होते. काही शोधनिबंधांत, काही मराठी कथांत.

मग कथेतला अंदाज आणि विज्ञानातला अंदाज यांत फरक काय? दोन्हींत कल्पनाशक्ती लागते, दोन्ही ऐकायला सारखेच अचाट वाटतात. मी लेकीला एक साधी कसोटी सांगितली. कुणी काही अचाट म्हणालं, की विचारायचं, "हे चुकीचं असेल, तर ते आम्हाला कुठे आणि कसं कळेल?" नारळीकरांच्या चार कल्पनांना आपण ही कसोटी लावून पाहू.

गोळी कानाजवळून गेली तर

कथा थोडक्यात अशी. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे यांच्या डोक्यात पानिपत घोळत असतं. लढाईचा निकाल उलटा लागला असता तर? एवढ्यात त्यांना ट्रकची धडक बसते आणि ते एका वेगळ्याच हिंदुस्थानात जाऊन पोचतात. तिथे मराठे पानिपत जिंकलेले आहेत आणि मुंबई तेवढी इंग्रजांकडे भाडेपट्ट्यानं आहे. एशियाटिकच्या ग्रंथालयात पुस्तकं चाळताना त्यांना फाटा कुठे फुटला ते सापडतं. आपल्या इतिहासात १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासरावांना गोळी लागली. तिकडच्या बखरीत ती कानाजवळून निघून गेली. परत आल्यावर त्यांचा मित्र राजेंद्र देशपांडे त्यांना याचं स्पष्टीकरण देतो, त्यात दोन सिद्धान्त येतात, एक कॅटॅस्ट्रॉफी थिअरी आणि दुसरा क्वांटम सिद्धान्त.

पहिला समजायला घरातली लवचीक पट्टी घ्या. ती उभी धरून वरून हळूहळू दाबा. थोडा वेळ काही होत नाही. मग एका क्षणी ती पटकन डावीकडे किंवा उजवीकडे वाकते. दाब हळूहळू वाढत होता, पण बदल एकदम झाला. कुठल्या बाजूला वाकायचं हे अगदी क्षुल्लक गोष्टीवर ठरलं. फ्रेंच गणिती रने थॉम यांनी अशा अचानक उड्यांचं गणित मांडलं आणि १९७२ साली त्यावर पुस्तक लिहिलं. लढाईतलं सैन्यही त्या पट्टीसारखं असतं. सेनापती पडल्याची बातमी फिरते आणि तासाभरात चित्र पालटतं.

कुवेतमधल्या जुन्या मराठी माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. २ ऑगस्ट १९९० च्या पहाटे इराकी फौजा आत शिरल्या आणि आदल्या रात्री नेहमीसारखी झोपलेली माणसं सकाळी उठली ती दुसऱ्याच जगात. पुढच्या दोन महिन्यांत सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना विमानांनी मायदेशी आणलं गेलं, बहुतेकांना जॉर्डनमधल्या अम्मानहून. त्या पिढीतल्या प्रत्येकाकडे स्वतःचं एक 'जर' आहे. जर त्या उन्हाळ्यात सुट्टीवर गेलो असतो तर, जर पैसे आधीच घरी पाठवले असते तर.

दुसरा सिद्धान्त क्वांटम. इलेक्ट्रॉन सोडला तर तो पडद्यावर नेमका कुठे आदळेल हे आधी सांगता येत नाही, फक्त शक्यता सांगता येते. राजेंद्र विचारतो की गोळीलाही हेच लावलं तर? इथे थोडं थांबून हिशोब करायला हवा. तीस ग्रॅमची शिशाची गोळी सेकंदभर उडाली, तर क्वांटम अनिश्चिततेमुळे ती अणूच्या आकाराच्या दहा लाखाव्या भागाइतकीही इकडची तिकडे होत नाही. तेवढ्यानं विश्वासराव वाचत नाहीत. मग अनिश्चितता शिरायची तर ती आधीच्या साखळीत शिरायला हवी. दारूचे कण कसे पेटले, वारा कसा आला, बंदूक धरणाऱ्याचा हात कुठल्या क्षणी थरथरला, अशा ठिकाणी. तिथे बारीक फरक वाढत वाढत मोठा होऊ शकतो.

बरं, समजा दोन्ही शक्यता खऱ्या आहेत. १९५७ साली ह्यू एव्हरेट या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञानं नेमकं हेच सुचवलं. प्रत्येक क्वांटम घटनेत सगळ्या शक्यता प्रत्यक्षात येतात, पण वेगवेगळ्या शाखांत. आज अनेक भौतिकशास्त्रज्ञ ही कल्पना गंभीरपणे घेतात. मात्र त्याच गणितात एक अट आहे. मोठ्या वस्तूंच्या शाखा एकदा वेगळ्या झाल्या की व्यवहारात एकमेकींना भेटत नाहीत. पट्टी डावीकडे वाकलेल्या जगातून उजवीकडे वाकलेल्या जगात फोन लागत नाही, मग ट्रकची धडक बसून तिथे जाणं तर दूरच.

म्हणजे फाटा ही कल्पना भौतिकशास्त्रातली आणि त्यावरून मारलेली उडी लेखकाची. आता कसोटी लावू. मराठे जिंकलेलं जग नाही, हे आपल्याला कुठे कळेल? कुठेच नाही. पानिपत पुन्हा लढता येत नाही. म्हणून ही कथा, आणि कथा म्हणून उत्तम, कारण तिनं एकच गोष्ट बदलली आणि बाकी सगळं प्रामाणिकपणे त्यातून वाढू दिलं.

उलटा झालेला माणूस

'उजव्या सोंडेचा गणपती' ही नारळीकरांची दुसरी कथा. तीत माणूस आरशातल्या प्रतिमेसारखा डाव्याचा उजवा होतो. यामागे आहे मोबियसची पट्टी. पारदर्शक प्लास्टिकची लांब पट्टी घ्या, तिला अर्धा पीळ द्या आणि टोकं चिकटवा. तिच्यावर डाव्या हाताचा पंजा काढा आणि तो पट्टीवरून सरकत पूर्ण एक फेरी मारतो आहे असं समजा. परत येतो तेव्हा तो उजवा झालेला असतो. त्याला कुणी उलटवलं नाही, तो फक्त पुढे जात राहिला. पीळ अवकाशातच होता.

आपलं तीन मितींचं अवकाशही कुठे असं पिळलेलं असेल का? गणित तशी परवानगी देतं. पण मग त्या माणसाचं पुढे काय होईल? आपल्या शरीरातली प्रथिनं 'डाव्या' बांधणीच्या अमिनो आम्लांची असतात आणि आपण पचवतो ती ग्लुकोजसारखी साखर 'उजव्या' बांधणीची. माणूस उलटला की त्याच्या शरीरातले रेणूही उलटतात, पण जेवण उलटत नाही. समोरचा खबूस आणि डाळ त्याला चवीला वेगळीच लागेल, आणि तो पोटभर खाऊनही उपाशी राहील. मोजा आणि बूट यांची जोडी चुकावी तसा हा प्रकार.

इथे कसोटीला थोडं काम मिळतं. १९५७ साली चिएन-शिउंग वू यांच्या प्रयोगात दिसलं, की किरणोत्सर्गातल्या एका प्रक्रियेत निसर्ग डावं आणि उजवं यांत भेद करतो. हाच भेद सगळीकडे सारखा असेल, तर विश्वात असा पीळ असण्याला मोठी अडचण येते. कल्पना कथेतली, पण तिच्या एका टोकाला प्रयोगशाळेची खुंटी आहे.

कुवेतचं घड्याळ मागे पडतं

आता काळाकडे येऊ. कुवेत आणि भारत यांत अडीच तासांचा फरक आहे. तो माणसांनी ठरवलेला. पण यापलीकडे एक खरा फरकही आहे आणि तो कुठल्याही सरकारला बदलता येणार नाही.

आइनस्टाइनचा सामान्य सापेक्षता सिद्धान्त सांगतो की गुरुत्वाकर्षणात जितकं खोल जाल तितका काळ सावकाश चालतो. उंचावरचं घड्याळ पुढे जातं, खालचं मागे पडतं. समुद्रसपाटीवरची घड्याळं मात्र सगळीकडे एकाच गतीनं चालतात, कारण पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम आणि विषुववृत्तावरच्या तिच्या फुगीरपणाचा परिणाम एकमेकांना काटतात. त्यामुळे आपल्याला फक्त उंची पाहायची आहे.

कुवेत शहर जवळपास समुद्रसपाटीला आहे आणि पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर. गुरुत्व त्वरण (९.८) गुणिले उंची (५६०), भागिले प्रकाशाच्या वेगाचा वर्ग. उत्तर अगदी चिमुकलं येतं. त्याला वर्षातल्या सुमारे ३ कोटी १५ लाख सेकंदांनी गुणलं, की जवळजवळ २ मायक्रोसेकंद मिळतात. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. पुण्यातलं घड्याळ कुवेतच्या घड्याळाच्या दरवर्षी एवढं पुढे जातं. म्हणजे पंचवीस वर्षं कुवेतमध्ये काढलेला माणूस पुण्यात राहिलेल्या आपल्या जुळ्या भावापेक्षा सुमारे ५० मायक्रोसेकंदांनी तरुण असतो. गल्फच्या उन्हानं केस पिकतात ते वेगळं.

ही थट्टा नाही, मोजलेली गोष्ट आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका जपानी प्रयोगात टोकियो स्कायट्रीच्या तळाशी एक आणि ४५० मीटर उंचीवर एक अशी अतिअचूक घड्याळं ठेवली गेली. वरचं घड्याळ सिद्धान्तानं सांगितलं तेवढंच पुढे गेलं. आपल्या कुवेतच्या अल हमरा टॉवरची उंचीही ४०० मीटरांवर आहे. त्याच्या माथ्यावर तसं घड्याळ ठेवलं, तर ते तळाच्या घड्याळापेक्षा वर्षाला सुमारे १.४ मायक्रोसेकंद पुढे जाईल.

एवढ्याशा वेळानं काय बिघडतं? तुमच्या मोबाईलमधला नकाशा बिघडतो. जीपीएसच्या उपग्रहांवरची घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा रोज ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. तेवढ्या वेळात प्रकाश ११ किलोमीटर जातो. ही दुरुस्ती केली नसती, तर फहाहीलला जेवण घेऊन निघालेला डिलिव्हरीवाला दोन-चार दिवसांत समुद्रात उतरला असता.

आता हाच परिणाम मोठा करा, की नारळीकरांची पहिली गाजलेली कथा मिळते, 'कृष्णविवर'. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी ती टोपणनावानं पाठवली होती. नाव काय, तर नारायण विनायक जगताप! आपल्या आद्याक्षरांचा क्रम त्यांनी उलटा केला होता. कथेला बक्षीस मिळालं. परीक्षकांनी जगतापांना बक्षीस दिलं, नारळीकरांना नव्हे, याचं त्यांना समाधान असणार.

आपल्या आकाशगंगेच्या मध्यभागी सुमारे ४० लाख सूर्यांच्या वस्तुमानाचं कृष्णविवर आहे. जिथून प्रकाशही परत येत नाही ती त्याची सीमा केंद्रापासून सुमारे १ कोटी २० लाख किलोमीटरवर. समजा, त्या सीमेच्या फक्त एक टक्का बाहेर कुणी यानात तरंगत राहिलं. तिथे काळ दहापट सावकाश चालेल. दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट संपवून माणूस घरी आला, तर घरी वीस वर्षं उलटलेली असतील. गल्फमध्ये काहींचं दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट वीस वर्षं चालतं, पण त्यांची घडी तरी घरच्यांच्या बरोबरीनं पुढे जाते.

यात कथेचा भाग कुठला? काळ सावकाश चालणं हा नाही. कथेचा भाग आहे यान. त्या जागी स्थिर तरंगायचं, तर आत बसलेल्याला आपलं वजन पृथ्वीवरच्या वजनाच्या तीस लाख पटींहून जास्त जाणवेल. तो तरुण राहणार नाही, सपाट होईल. पानिपतच्या कथेत भौतिकशास्त्राची परवानगी नव्हती. इथे परवानगी आहे, फक्त वाहन नाही.

दिवाणखान्यातला नवा अणू

चौथी कल्पना कथेतली नाही, पण चारही कल्पनांत तीच सगळ्यांत अचाट आहे.

१९४८ साली केंब्रिजमध्ये फ्रेड हॉइल, हर्मन बाँडी आणि थॉमस गोल्ड यांनी स्थिर स्थिती सिद्धान्त मांडला. विश्व प्रसरण पावतं आहे, हे त्यांना मान्य होतं. पण त्याला सुरुवात असायला हवी, हे मान्य नव्हतं. मग प्रसरणामुळे विश्व विरळ कसं होत नाही? कारण रिकाम्या होणाऱ्या जागेत नवं द्रव्य जन्माला येतं, असं ते म्हणाले. १९६० च्या दशकात हॉइल आणि त्यांचे तरुण विद्यार्थी नारळीकर यांनी याचं गणित घट्ट केलं. उर्जेच्या अक्षय्यतेचा नियम मोडू नये म्हणून त्यांनी 'सी-फील्ड' नावाचं ऋण उर्जेचं क्षेत्र वापरलं. एका खात्यात द्रव्य जमा, दुसऱ्यात तेवढंच कर्ज, एकूण बेरीज तीच.

असं द्रव्य किती लागतं? ढोबळमानानं एका घनमीटर जागेत अब्ज वर्षांत हायड्रोजनचा एक अणू. आमचा दिवाणखाना पाच बाय चार मीटरचा, उंची तीन मीटर. म्हणजे ६० घनमीटर. इथे साधारण १ कोटी ७० लाख वर्षांत एक नवा अणू जन्मला, की विश्वाचं काम भागतं. ते कुणी बघणार? मग ही कल्पना कसोटीतून निसटते का?

निसटत नाही. सिद्धान्ताचं मोठेपण इथेच आहे. विश्व कायम सारखंच असेल, तर ते पूर्वीही आजच्यासारखंच दिसायला हवं. आणि पूर्वीचं विश्व आपल्याला पाहता येतं. प्रकाशाला यायला वेळ लागतो, म्हणून दूर पाहणं म्हणजे मागे पाहणं. तेव्हा दूरचं विश्व जवळच्या विश्वासारखंच असलं पाहिजे. सिद्धान्तानं स्वतःच सांगून टाकलं, की मला इथे पकडा.

आणि तो पकडला गेला. केंब्रिजमध्येच मार्टिन राइल यांनी रेडिओलहरी फेकणारे दूरचे स्रोत मोजले, तर ते अपेक्षेपेक्षा जास्त निघाले. नंतर आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन यांना आकाशाच्या सगळ्या दिशांनी येणारं मंद प्रारण सापडलं. त्याची बातमी १९६५ मध्ये जाहीर झाली. त्याचं तापमान निरपेक्ष शून्याच्या जेमतेम पावणेतीन अंश वर. महास्फोट सिद्धान्तात हे प्रारण आपोआप येतं, तापलेल्या बालविश्वाची उरलेली ऊब म्हणून. स्थिर विश्वात त्याला सहज जागा नव्हती. बहुतेक शास्त्रज्ञांनी तो सिद्धान्त सोडून दिला.

नारळीकरांनी महास्फोट पूर्णपणे कधीच स्वीकारला नाही. १९९३ साली हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्याबरोबर त्यांनी सुधारित मॉडेल मांडलं. त्यात द्रव्य लहान लहान स्फोटांतून जन्मतं, विश्व दीर्घ आवर्तनांत फुगतं आणि आकसतं, आणि ते प्रारण म्हणजे लोहाच्या सूक्ष्म तंतूंनी शोषून पुन्हा सोडलेला ताऱ्यांचा प्रकाश. आज विश्वाचं मानलं जाणारं वय सुमारे १३८० कोटी वर्षं आहे. त्याहून कितीतरी जुने तारे आमच्या मॉडेलप्रमाणे सापडायला हवेत, हेही त्यांनी सांगून ठेवलं. असे तारे निःसंशयपणे सापडलेले नाहीत, आणि त्या प्रारणातल्या बारीक चढउतारांची मोजमापं महास्फोटाच्या बाजूनं अधिक भक्कम होत गेली. या वादात बहुमत नारळीकरांच्या विरुद्ध राहिलं आणि पुरावाही.

मराठी माणसाला हे वाचताना थोडं दुखतं, मलाही दुखतं. ज्यांच्या पुस्तकांनी आमच्या पिढीला आकाश दाखवलं, त्यांचा स्वतःचा अंदाज चुकला, असं मुलीला सांगायचं? मी सांगितलं. कारण चुकीचा ठरू शकेल अशा शब्दांत अंदाज मांडणं हेच तर विज्ञान. राइलना ते स्रोत मोजण्यात एवढं स्वारस्य का होतं? समोर पाडण्याजोगा स्पष्ट सिद्धान्त उभा होता म्हणून.

लेक थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे गंगाधरपंत कुठेच गेले नव्हते. पण गेले नव्हते हेही सिद्ध करता येत नाही."

बरोबर. परीक्षेत असं लिहिलंस तर मार्क मिळतील का, ते मात्र तुझ्या टीचरना विचार, असं मी म्हटलं.

आता तुमच्यासाठी गृहपाठ. तुम्ही राहता ते शहर आणि तुमचं गाव यांच्या उंचीतला फरक मीटरमध्ये शोधा. दर १०० मीटरला वर्षाला ०.३४ मायक्रोसेकंद धरा आणि घर सोडून झालेल्या वर्षांनी गुणा. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटरवर आहे. तिथून दुबईला किंवा कुवेतला आलेला माणूस वर्षाला साडेचार मायक्रोसेकंद कमावतो. डेन्व्हरला राहणाऱ्या पुणेकरांनी उत्तराचं चिन्ह नीट तपासावं. ते शहर १६०० मीटरवर आहे, त्यामुळे तिथे राहून तुम्ही घरच्यांपेक्षा अंमळ लवकर म्हातारे होत आहात. पुढच्या वेळी घरी फोन कराल, तेव्हा हा आकडा सांगून बघा.